घराचा दर्शनी भाग : विक्रीआधीचा तोल

घर विकायला काढण्यापूर्वी त्याचा दर्शनी भाग कसा आणि कितपत सजवावा, याविषयी आलेल्या पत्रांतील काही पत्रे या वेळी उत्तरांसाठी घेतली आहेत. पत्रे बरीच लांब असल्याने प्रश्नाचा गाभा तसाच ठेवून ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे घर एकमजली, उतरत्या छपराचे आणि बरेच जुने आहे. समोरून पाहताना उजव्या हाताला गाडी ठेवण्यासाठी नंतर जोडलेला मोठा पोर्च आहे, तर डाव्या हाताला एका खिडकीखेरीज नुसती सपाट भिंत आहे. मुख्य दरवाजा या दोहोंच्या मध्ये असला तरी पोर्चच्या सावलीत तो लपून जातो. घर एका अंगाला कलल्यासारखे वाटते, असे पाहणारे म्हणतात. डाव्या बाजूलाही तसाच मंडप उभारून दोन्ही बाजू सारख्या कराव्यात, असा सल्ला मिळाला आहे. दोन महिन्यांनी घर दाखवायला सुरुवात करायची आहे आणि खर्चाला मर्यादा आहे. — एक वाचक

उत्तर : मंडप उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पैसा आणि वेळ तर जाईलच, शिवाय आज ज्या बाजूला मोकळी भिंत आणि चांगला उजेड आहे ती बाजूही अंधारी होईल आणि मधला दरवाजा दोन्हीकडून दबून जाईल.

तोल साधायचा म्हणजे दोन्ही बाजू एकसारख्या करायच्या, हा समज फार पसरलेला आहे. ज्या घराचा दरवाजा नेमका मध्यावर असतो आणि खिडक्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर असतात, त्या घराला तो लागू पडतो. तिथे दरवाजाजवळची एखादी कुंडी थोडी पुढेमागे झाली तरी नजरेला खुपते. तुमचे घर मुळातच त्या जातीचे नाही आणि दोन महिन्यांत ते तसे होणारही नाही. अशा घराचा तोल नजरेला जाणवणाऱ्या भारावर अवलंबून असतो. गडद, मोठी, चकचकीत किंवा बारीक नक्षीची वस्तू नजर ओढून घेते, आणि ती दरवाजापासून जितकी लांब असेल तितका तिचा ओढा जास्त जाणवतो. फळीच्या दूरच्या टोकाला बसलेले लहान मूल जसे आत बसलेल्या मोठ्या माणसाला तोलून धरते, त्याच न्यायाने दूरच्या कोपऱ्यावरचे एक बेताचे झाड जवळच्या अवजड पोर्चला पुरे पडू शकते.

काहीही विकत आणण्यापूर्वी एक करा. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून, खरेदीदार जिथून घर पहिल्यांदा पाहील तिथून, फोनवर एक छायाचित्र घ्या आणि ते कृष्णधवल करून डोळे किलकिले करून पाहा. रंग बाजूला गेले की भार कुठे आहे ते उघड होते. माझा अंदाज असा आहे की तुम्हाला त्यात सर्वांत आधी पोर्चच्या आतला काळा चौकोन दिसेल. म्हणजे जड वाटतो तो पोर्च त्याच्या आकारामुळे कमी आणि आतल्या अंधारामुळे जास्त, आणि अंधार कमी करणे हे बांधकामापेक्षा कितीतरी सोपे काम आहे. पोर्चच्या छताची खालची बाजू आणि आतली भिंत दर्शनी भिंतीपेक्षा एक छटा फिकट रंगवा. खांब वेगळ्या रंगात उठवलेले असतील तर ते भिंतीच्याच रंगात मिसळू द्या. जुने टायर, शिडी, खोकी, मुलांच्या सायकली असे जे काही तिथे वर्षानुवर्षे साठत जाते ते हलवा आणि घर दाखवायच्या वेळी गाडी बाहेर दुसरीकडे उभी करा.

त्यानंतर डावीकडे थोडा भार वाढवायचा. घराच्या अगदी बाहेरच्या डाव्या कोपऱ्यापाशी, खिडकी झाकली जाणार नाही अशा बेताने, एक लहान झाड किंवा उंच वाढणारे झुडूप लावावे. पूर्ण वाढल्यावर त्याची उंची जमिनीपासून छपराच्या कडेपर्यंतच्या उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी, हा बागरचनाकारांचा जुना आणि चांगला आडाखा आहे. तिथून दरवाजाकडे येताना झाडे ठेंगणी होत जावीत, म्हणजे नजर कोपऱ्यावरून उतरत आपोआप दरवाजापाशी येऊन थांबते. रोपवाटिकेत दिसणारा रोपाचा आकार फसवा असतो. रोप भिंतीपासून किती लांब लावायचे हे त्याच्या पूर्ण वाढीच्या घेरावरून ठरवावे आणि त्या घेराच्या निम्म्याहून थोडे जास्त अंतर सोडावे. डावीकडच्या खिडकीची चौकट दरवाजाच्याच रंगात रंगवली, तर दोन्हींचे नाते जुळते आणि त्या रित्या भिंतीला स्वतःचे काहीतरी मिळते.

दरवाजा हा साऱ्या रचनेचा केंद्रबिंदू आहे, म्हणून सर्वांत ठळक रंगभेद तिथेच असावा, इतरत्र कुठेही नसावा. बिजागऱ्या कुरकुरत नाहीत ना, कडी सहज सरकते ना, हॅण्डलवरचा मुलामा उडालेला नाही ना, हे पाहा, कारण घराला खरेदीदाराचा पहिला स्पर्श होतो तो तिथेच. फाटकापासून दरवाजापर्यंतची पायवाट दोन माणसांना बरोबरीने चालता येईल इतकी, म्हणजे साधारण १.२ मीटर रुंद असली तर उत्तम. ती अरुंद असेल तर उखडून नवी करण्याच्या भरीला पडू नका. हललेल्या फरश्या पक्क्या बसवा, सांध्यांतले गवत काढा आणि दोन्ही कडा नीट कापून घ्या.

कामांचा क्रम नेहमी वरून खाली असावा : आधी छप्पर आणि पन्हळी, मग भिंती, मग लाकूडकाम, शेवटी जमीन. अपवाद फक्त त्या कोपऱ्यावरच्या झाडाचा. ते पहिल्याच आठवड्यात लावून टाका, कारण ऐन वेळी लावलेले झाड मलूल दिसते आणि भोवतीची माती उकरलेली दिसते. रंगकामाची परांची आणि शिडी त्याच्यापासून लांब राहील एवढे मात्र पाहावे लागेल.

प्रश्न : दर्शनी भिंतीच्या तळाशी गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि आतून पांढरा खार येतो. त्या भिंतीला लागूनच आम्ही विटांचा कठडा बांधून फुलझाडांचा उंच वाफा केला आहे आणि तीच घराची शोभा आहे. जलरोधक रंगाचे दोन हात दिले की काही दिसणार नाही, असे रंगारी सांगतात. तेवढ्यावर भागेल का? — एक वाचक भगिनी

उत्तर : दिसणार नाही, हे काही आठवड्यांपुरते खरे ठरेल. पण ज्या वाफ्याला तुम्ही घराची शोभा म्हणता, तोच या भिंतीचा रोग असण्याची दाट शक्यता आहे.

जोत्याच्या वरच्या अंगाला भिंतीत ओलरोधक थर घातलेला असतो, तो जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून. बाहेरची माती या थराच्या किमान १५ सेंटिमीटर खाली राहावी लागते. भिंतीला टेकून वाफा उंच केला की माती त्या थराच्या वर जाते, थर जागेवर असूनही निकामी होतो आणि झाडांना घातलेले पाणी रोज थोडे थोडे भिंतीत मुरते. विटांतले आणि गिलाव्यातले क्षार त्या पाण्यात विरघळतात, पाणी पृष्ठभागावर येऊन वाळते आणि क्षार मागे उरतात. तुम्हाला दिसणारा पांढरा खार तो हाच. क्षारांचे स्फटिक वाढताना रंगाला आतून ढकलतात, म्हणून पोपडे सुटतात. अशा भिंतीवर न श्वसणारा जाड रंग चढवला, तर अडलेली ओल वरच्या बाजूला किंवा घराच्या आत वाट काढते आणि आज गुडघ्यापर्यंत असलेला डाग उद्या कमरेपर्यंत जातो.

तेव्हा प्रथम वाफ्याची माती भिंतीपासून मागे घ्या. झाडे काळजीपूर्वक काढून पुढच्या बाजूला, भिंतीपासून हातभर तरी अंतर ठेवून लावा आणि मधल्या पट्ट्यात जाड खडी पसरा. ती दिसायलाही नीटस दिसते आणि पावसाचे शिंतोडे मातीसकट भिंतीवर उडत नाहीत. जमिनीला भिंतीपासून बाहेरच्या दिशेने उतार द्या. पहिल्या तीन मीटरांत १५ सेंटिमीटर उतार मिळाला तर पाणी पायापाशी तुंबत नाही. पन्हळीचा खाली येणारा नळ नेमका त्याच कोपऱ्यात पाणी ओततो का, तेही पाहा. अनेकदा सगळा दोष एका फुटलेल्या सांध्याचा निघतो.

खार धुऊन काढू नका. पाण्याने तो पुन्हा विरघळून भिंतीतच शिरतो. कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने तो झाडा आणि खाली पडलेली भुकटी उचलून टाका. ओल अजून आतून येते की आटली, हे पाहण्यासाठी प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा चारही कडांना घट्ट चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस चिकटवून ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येत आहे आणि रंगाची वेळ अजून आलेली नाही. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर तेवढा भाग खरवडून नवा करावा लागेल, आणि सिमेंटचा नवा गिलावा तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर रंग देण्यापूर्वी साधारण चार आठवडे थांबावे लागेल. विक्री तेवढी लांबत असेल तर लांबू द्यावी. ते शक्यच नसेल, तर भिंत साफ करून तशीच ठेवा, ओलीचे कारण काय होते आणि काय दुरुस्ती केली हे खरेदीदाराला मोकळेपणाने सांगा, कामाची छायाचित्रे आणि पावत्या दाखवा. माहीत असलेली ओल रंगाखाली दडवून घर विकणे मला कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही. जे कुटुंब त्या घरात राहायला येणार आहे, त्याने आयुष्याची कमाई त्यात घातलेली असते.

प्रश्न : दर्शनी भिंतीला गडद निळा रंग द्यावा असे मला वाटते, कारण रांगेतल्या सगळ्या घरांत आमचे घर उठून दिसेल. विकायच्या घराला फिकट करडाच रंग हवा, असा पत्नीचा आग्रह आहे. छप्पर तांबूस कौलांचे आणि जोते काळसर दगडाचे आहे. — एक वाचक

उत्तर : तुम्हा दोघांच्याही विचारात कौले राहून गेली आहेत. जे बदलायचे नाही तिथून रंगाची निवड सुरू करावी लागते, आणि तुमच्या घरात छप्पर व दगड बदलणार नाहीत.

मिशेल शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ गोब्लाँ येथील गालिचे आणि भित्तिपटांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळे धागे पुरेसे काळे दिसत नाहीत, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तेव्हा रंगाईत खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांचे रंग त्या काळ्याला फिके पाडत होते. एकमेकांशेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा नियम त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला. तुमच्या घराला हा नियम तंतोतंत लागतो. निळा आणि नारिंगी हे परस्परविरोधी रंग असल्याने गडद निळ्या भिंतीवर तांबूस कौले भडक दिसतील आणि भिंत आणखी निळी दिसेल. नजर त्या दोघांत अडकून राहील आणि दरवाजा कुणाला दिसणार नाही. पत्नी म्हणतात तो शुद्ध करडा रंग कौलांच्या शेजारी निळसर, थंड आणि थोडा उदास दिसेल. म्हणून भिंतीला किंचित पिवळसर झाक असलेला फिकट रंग घ्यावा, मग तो करड्याकडे झुकणारा असो वा मातकट. तुमचा गडद निळा दरवाजासाठी राखून ठेवा. तिथे लहानशा जागेत तो कौलांना सुंदर उत्तर देईल, आणि घर लक्षात राहावे ही तुमची इच्छाही पुरी होईल.

छापील पट्टीवरून रंग ठरवू नका. निवडलेल्या रंगाचे दोन हात प्रत्यक्ष भिंतीवर निदान मीटरभर चौकोनात द्या, एक चौकोन छपराच्या कडेखाली आणि एक दगडाला लागून. आणि तो सकाळी, भर दुपारी व संध्याकाळी पाहा. मोठ्या भिंतीवर, उघड्या उजेडात, रंग पट्टीपेक्षा फिकट आणि तरीही अधिक तीव्र वाटतो. त्यामुळे मनात असलेल्या छटेपेक्षा एक पायरी मवाळ छटा सहसा बरोबर बसते. भिंतीला चकाकी नसलेला रंग द्यावा, कारण चकाकीत गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा दिसतो. दरवाजाला मात्र थोडी चकाकी शोभते आणि तो पुसायलाही सोपा जातो. थेट उन्हाने तापलेल्या भिंतीवर रंग लावू देऊ नका. वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि खाली फुगे धरतात.

एक सावधगिरी : घर जुने असेल तर जुन्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये, त्याची धूळ विशेषतः लहान मुलांना घातक असते. आधी तपासणी करून घ्यावी आणि शिसे निघाल्यास ते काम जाणकारांवर सोपवावे.

प्रश्न : घरासमोर जुने, मोठे झाड आहे आणि त्यामुळे रस्त्यावरून घर दिसतच नाही. विकण्याआधी ते तोडावे का? — एक वाचक

उत्तर : तोडू नये. पूर्ण वाढलेले झाड ही अशी गोष्ट आहे की कुठलाही नवा मालक पैसे टाकून ती लगेच मिळवू शकत नाही. खालच्या फांद्या खोडापाशी नीट कापून झाडाचा घेर वर उचलला, तर दरवाजा आणि खिडक्या फांद्यांखालून दिसू लागतात आणि झाडाची सावलीही राहते. एका हंगामात हिरव्या पर्णभाराच्या एक-चतुर्थांशाहून अधिक छाटणी करू नका. शेंडा उडवणे तर पूर्ण टाळा, त्याने झाड कुरूप होते आणि नंतर फुटणाऱ्या फांद्यांची पकड कच्ची राहते. फांद्यांत घरटी असतील तर पिल्ले उडून जाईपर्यंत थांबा, आणि छाटणीला स्थानिक परवानगी लागत असेल तर ती आधी घ्या. झाड वाळलेले, पोकळ किंवा घराकडे कललेले असेल तरच प्रश्न वेगळा होतो. त्याचा निर्णय वृक्षतज्ज्ञाने पाहून द्यावा.

प्रश्न : आम्ही फाटक, अंगण, ओसरी, दिवे, सारे काही नवे केले. लोक छायाचित्रे पाहून उत्साहाने येतात, बाहेर थांबून कौतुक करतात, पण आत आल्यावर थोड्याच वेळात निघून जातात आणि पुन्हा फोन करत नाहीत. आमचे काय चुकते आहे? — एक वाचक भगिनी

उत्तर : तुमचे पत्र मी या साऱ्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचे मानतो, कारण बाकीच्या पत्रांत विचारलेला तोल हा भिंती, रंग आणि झाडे यांच्यातला आहे आणि तुम्ही विचारलेला तोल घराच्या बाहेर आणि आत यांच्यातला आहे. दर्शनी भाग खरेदीदाराला एक शब्द देत असतो, आणि घर पाळू शकेल तेवढाच शब्द त्याने द्यायला हवा.

एखाद्याचा एक गुण डोळ्यांत भरला की त्याचे इतर गुणही आपण नकळत वरचे मोजतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये, लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेल्या गुणांचा अभ्यास करून हे दाखवून दिले आणि त्याला प्रभावलयाचे नाव दिले. घरे सजवणारे सगळे या वलयावर भिस्त ठेवतात, आणि ते काही चूक नाही; नीटनेटके अंगण पाहून आलेला माणूस आतल्या किरकोळ उणिवांकडे सहज दुर्लक्ष करतो. पण उणिवा किरकोळ असतील तोवरच. बाहेरच्या नव्या कोऱ्या देखण्या दर्शनाने त्याची अपेक्षा उंचावली आणि उंबरा ओलांडताच फुगलेले दार, कोंदट वास किंवा मिणमिणता दिवा समोर आला, की तो माणूस नुसता निराश होत नाही, तो संशयाने पाहू लागतो. बाहेर एवढा खर्च केला, मग आत काय झाकायचे आहे, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. हेच घर बाहेरून साधे, स्वच्छ, धडधाकट असते, तर त्याच उणिवा त्याने दुरुस्तीच्या यादीत टिपल्या असत्या.

म्हणून आता बाहेर एक पैसाही घालू नका. उरलेली रक्कम दरवाजाच्या आतल्या पहिल्या दहा पावलांवर खर्च करा. फाटकापासून निघून खरेदीदाराच्या वेगाने चालत या, दार उघडा आणि आत पाऊल टाकल्यावर उजेड कमी होतो का ते पाहा. बाहेरच्या लख्ख उजेडातून आलेल्या डोळ्यांना आतली खोली आहे त्याहून काळोखी वाटते, त्यामुळे पडदे पूर्ण बाजूला सारावे, काचा आतून-बाहेरून पुसाव्यात आणि प्रवेशाच्या खोलीत दिवसाही दिवा लावून ठेवावा. दाराचे लाकूड फुगले असेल तर सुताराकडून ते तासून घ्या. कोंदट वासावर सुगंधी फवारे मारू नका. वासाचे मूळ ओल आहे, गटार आहे की बंद कपाटे आहेत ते शोधा. बाहेर रंगवलेल्या चौकटीची आतली बाजू जुन्याच रंगाची राहिली असेल, तर ती आधी रंगवून घ्या. असे काम अर्धवट सोडलेले दिसले की सगळी सजावट फक्त विक्रीपुरती होती, हे पाहणाऱ्याला तिथल्या तिथे कळते.

अंगणातल्या काही वस्तू कमी करण्याचाही विचार करा. पत्रासोबतच्या वर्णनात तुम्ही कारंजे, दोन पुतळे, कमान आणि रंग बदलणारे दिवे यांचा उल्लेख केला आहे. यातले कारंजे चांगले चालत असेल तर ठेवा आणि बाकीचे काढा. दाखवण्याच्या वस्तू जितक्या कमी, तितके घर स्वतः दिसते, आणि विकायचे तर घर आहे.

प्रश्न : जाहिरातीसाठी दर्शनी भागाचे छायाचित्र कधी आणि कसे काढावे? संध्याकाळी दिवे लावून काढलेले चित्र चालेल का? — एक वाचक

उत्तर : घराच्या तोंडावर ऊन येते त्या वेळी काढा; पूर्वाभिमुख घराचे सकाळी, पश्चिमाभिमुख घराचे दुपार कलल्यावर. समोर ऊन येतच नसेल तर पातळ ढगाळ दिवस निवडा, त्या उजेडात सावल्या काळ्या पडत नाहीत. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सरळ धरावा, म्हणजे भिंती मागे झुकलेल्या दिसत नाहीत. अंगण मोठे भासवणारी रुंद कोनाची भिंगे वापरू नका, कारण चित्रातले अंगण पाहून आलेला माणूस खरे अंगण पाहताच हिरमुसतो.

संध्याकाळचे चित्र जरूर घ्या, पण दुसरे म्हणून. मुख्य चित्र दिवसाचेच असू द्या. सगळे दिवे एकाच छटेचे असावेत, २७०० ते ३००० केल्विन उबदार पिवळसर उजेडाचे. एक दिवा पांढराफटक आणि दुसरा पिवळा असला तर चांगली भिंतही ठिगळ लावल्यासारखी दिसते. दिव्यांचा झोत डोळ्यांवर न येता पायऱ्यांवर, दरवाजावर आणि घराच्या क्रमांकावर पडावा. तो क्रमांक रस्त्यावरून वाचता येतो का, हेही त्याच संध्याकाळी पाहून घ्या. घर शोधत दोनदा पुढे गेलेला माणूस आधीच वैतागून दाराशी येतो.

प्रश्न : आमचे घर इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. आम्हाला अंगण नाही, बाहेरची भिंत आमची नाही. मग दर्शनी भाग म्हणून आम्ही काय नीट करावे? — एक वाचक

उत्तर : जिन्याचा शेवटचा टप्पा, दारासमोरची मोकळी जागा, दार आणि रस्त्यावरून दिसणारी तुमची खिडकी किंवा बाल्कनी, एवढा तुमचा दर्शनी भाग आहे. फ्लॅट पाहायला आलेला माणूस दार उघडेपर्यंत बंद दारासमोर उभा असतो आणि त्याला पाहायला दुसरे काही नसते, त्यामुळे दाराच्या कडेचे बोटांचे डाग, घंटीची पिवळी पडलेली कळ, वाकडी नावाची पाटी, भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी हे सारे त्याच्या नजरेत येते. चपलांचे कपाट, कुंड्या, जुन्या खुर्च्या बाहेरून हलवा. जिन्याची वाट अडवणे आगीच्या प्रसंगीही धोक्याचे असते. बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे आणि साठवलेले सामान आत घ्या, गज आणि काचा पुसा, आणि रस्त्यावरून एकदा पाहा की खालच्या-वरच्या मजल्यांच्या मानाने तुमची खिडकी अंधारी किंवा गर्दीची तर दिसत नाही ना.

सामाईक भागातला बंद पडलेला दिवा, उडालेला रंग किंवा नादुरुस्त लिफ्ट यांविषयी इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा, आणि दार बाहेरून वेगळ्या रंगात रंगवायचे असेल तर त्यांची परवानगी घ्या. जिन्यातला तुमच्या मजल्यावरचा दिवा मात्र त्यांची वाट न पाहता, त्यांना सांगून, स्वतःच बदलून टाका.